चवीची बाई

मेहमूदभाईच्या गोळी सोड्याच्या कारखान्यात
एकोणीस वर्षं बाटल्या विसळल्या मी.
घाणेवाडीचं पाणी कोणतं, जायकवाडीचं कोणतं,
टँकरवाल्यानं आज कोणत्या विहिरीवरून आणलं,
जिभेला टेकवलं की सांगायची.
मेहमूदभाई गेले. पोरांनी मशीन भंगारात काढली.
ती पुलकितशेठनं वजनावर घेतली,
अन् मशीनसोबत मला.

पुलकितच्या आजोबाचं मोंढ्यात बियाण्याचं दुकान.
सरकी, बाजरी, मूग.
नातवानं भांगेचं बी आणलं पार उत्तराखंडातून,
तेल काढलं, पावडर केली, डब्यात भरली,
नांदेडच्या जिमवाल्यांनी महिनाभर खाल्ली अन् विसरले.
आता म्हणे पेय.
लहान काचेच्या बाटलीत, हातानं केलेलं,
थोड्याच लोकांसाठी, दीडशे रुपयाला.
मला पगार बारा हजार, हुद्दा टेस्टर.
सासू म्हणाली,
"दिवसभर भांग पाजतेत का काय तुला?"

बियात नशा नसते.
एक्साइजच्या साहेबाला शेठनं तीनदा सांगितलं,
कागद दाखवले, शिक्के दाखवले.
साहेब दोन बाटल्या पेला,
अर्धा तास खुर्चीत वाट पाहत बसला,
काहीच झालं नाही.
थोडा नाराज होऊनच गेला.

पण चव!
पहिला घोट मी मोरीत थुंकले.
पुण्याहून लेबलवाली पोरगी आलेली, ऋजुता नावाची,
वही उघडून बसली होती.
"कसं लागतं काकू? मनात येईल ते सांगा."
मनात आलं ते सांगितलं:
नाल्यात अंबाडी कुजत घालतात ना,
वर दगड ठेवून, वीस-वीस दिवस,
मग बाप कंबरभर पाण्यात उभा राहून साल सोलतो,
अन् घरी आला की आई त्याला
भाकर बाहेर अंगणातच वाढते,
तसं.
तिनं लिहिलं, मातकट.

मग बाटलीवरचं पान दाखवलं तिनं,
सोनेरी, पाच बोटांचं,
अन् शेठकडं बघून गालात हसली. शेठही हसला.
मी म्हणलं, हे तर अंबाडीचं पान.
दोघं गप.
"नाही काकू, हे *ते* आहे."
असेल ते.
पण आमच्या तुरीच्या कडंनं हेच उभं असायचं,
लसणाची फोडणी घालून
भाकरीसंगं खाल्लंय मी हे,
तव्हा कोणी हसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाकरीच्या डब्यात
लाल अंबाडीची वाळकी बोंडं नेली.
उकळली, गाळली, खडा गूळ घातला,
टाकीत ओतलं, अन् गॅस मेहमूदभाईच्या मापानं सोडला,
म्हणजे कानानं.
आंबटाखाली तो नाल्याचा वास असा बसला
की आहे म्हणावं तर नाही, नाही म्हणावं तर आहे.
शेठनं डोळे मिटले. दुसरा गिलास मागितला.
तिसऱ्या गिलासाला म्हणाला,
"कौतिकबाई, हे कुठं शिकलात?"
शिकायचं काय त्यात.

लेबल छापून आलं.
मी अक्षर-अक्षर लावून वाचलं.
हिबिस्कस.
म्हणलं, ही कोण?
"तीच काकू, तुमची अंबाडी."
खाली बारीक अक्षरात बी, गूळ, पत्ता.
पाण्याचं नाव कुठंच नाही.

पहिला टेम्पो हैदराबादला गेला, दुसरा पुण्याला.
कारखान्यात रोज दोन टँकर रिकामे होतात,
आमच्या गल्लीत नळ नवव्या दिवशी.
काल रात्री दीडला आला.
बायका हंडे घेऊन उभ्या, कोणी बोलंना झोपेनं.
मी ओंजळीत घेतलं, जिभेवर फिरवलं.
जायकवाडीचं. पावडर जास्त पडली आज,
अन् पाइप कुठंतरी फुटलाय, माती लागते.
कोणी विचारलं नव्हतं.
मी सांगून टाकलं.